कच्चा टाका

परळला, पाचव्या मजल्यावर,
लांबट टेबलाच्या टोकाशी माझ्या नावाची पाटी:
सुगंधा पागधरे, रुग्ण प्रतिनिधी.
'धरे'वरची मात्रा उडालीय.
मी पेनाने लावून घेते.

बाराजण आहेत. नऊजणांचे ओठ मला वाचता येतात.
एकाच्या मिशा आड येतात, एक बाई पेन चावते,
आणि डॉक्टर केंकरे मास्क लावून बसलेत.

माझा आवाज किती मोठा येतो ते मला कळत नाही,
म्हणून गळ्यावर हात ठेवून बोलते:
साहेब, मास्क काढता का?
तुमचं बोलणं दिसत नाही.

ते थांबतात.
तो थांबा माझ्या ओळखीचा.
गिऱ्हाइकं अशीच थांबायची तेव्हा,
शिवलेले ब्लाउज दोन बोटांत धरून न्यायची.
बरी होऊन सहा वर्षं झाली,
फाइल यांच्याच कपाटात आहे.
मग ते कानामागचा दोरा सोडवतात.
खाली साधीच हनुवटी निघते,
दाढी करताना कापलेली.

पडद्यावर नव्या अभ्यासाचा तक्ता.
यश म्हणजे: थुंकीत जंतू नाहीत.

माझ्याही थुंकीत नव्हते.
आठ महिने रोज कमरेत सुई,
शिवडीच्या त्या हिरव्या बाकावर आळीपाळीने एका कुशीवर बसायचो.
जंतू मेले. मग मशीनचा खडखडाट गेला.
आता दोरा तुटला तर बोटाला कळतं, कानाला नाही.
कागदावर मी यशस्वी.
तक्रार नाही, जिवंत आहे.
पण यशाला लागून
एक रकाना कानाचाही हवा होता, इतकंच.

मी सांगितलं, साहेब, आमच्या धंद्यातही ट्रायल असते.
कापड कच्च्या टाक्यावर ठेवतो,
बाईला अंगात घालायला लावतो,
हात वर कर म्हणतो, श्वास घे म्हणतो.
कुठे काचतं ते तीच सांगते.
पक्की शिलाई त्यानंतर.
तुम्ही पक्की मारून आणता
आणि मग विचारता, आवडलं का?

कुणीतरी हसलं. खांदे हलले तेवढे दिसले.

पुढचं पान: पाठपुराव्यात हरवलेले, एकोणीस.
त्यातला एक मुश्ताक.
बैंगणवाडीत कुकर दुरुस्त करतो.
कानात रात्रंदिवस शिट्टी वाजायला लागली,
आणि कुकरची शिट्टी ओळखणं हीच त्याची रोजी.
चौथ्या महिन्यात सुया सोडल्या.
हरवला कुठे?
मशिदीमागची गल्ली, डाव्या हाताला तिसरं दुकान.
दुकान उघडंच असतं.
विचारायला गेलं कोण?

हे कुणी लिहून घेतलं नाही.
पेन चावणारी बाई मात्र चावायची थांबली.

संमतीपत्रात एक ओळ:
'कर्णविषाक्तता संभवते.'
ही ओळ मी उसवली. वर लिहिलं:
कानात शिट्टी वाजली,
किंवा टीव्ही मोठा करावासा वाटला,
तर त्याच दिवशी सांगा.
सांगितलं म्हणून औषध तोडणार नाही, बदलून देऊ.

खरंच बदलून देणार ना? मी विचारलं.
सगळे एकमेकांकडे बघू लागले.
अशा वेळी कुणाचेच ओठ हलत नाहीत.

शेवटी ठरलं: कानाची तपासणी महिन्यातून एकदा.
मी पंधरवड्याला मागितली होती.
केंकरेंनी तोवर मास्क परत चढवला होता,
तरी मला कळलं काय म्हणाले ते:
'पुढच्या बैठकीत बघू.'
हे वाक्य मी मास्कमधूनही वाचते.

खाली प्रवासखर्चाचं व्हाउचर. तीनशे रुपये.
हुद्दा लिहा, कारकुनाने बोट ठेवलं.
रुग्ण तर मी आता नाही.
शिंपीण, असं लिहिलं,
आणि पुढच्या बैठकीची तारीख
त्याच्याकडून कागदावर लिहून घेतली.